तेलाचा कस

नव्वदच्या त्या वर्षांत वीज सारखी जायची. म्हणून दौंडजवळच्या आमच्या कारखान्यानं जहाजाच्या जातीची दोन इंजिनं बसवली होती, डांबरासारख्या घट्ट, स्वस्त इंधनावर चालणारी. जळताना त्या इंधनातल्या गंधकाचं ॲसिड व्हायचं. ते मारायची ताकद वंगणाच्या तेलात किती उरलीय, हे तपासायला मी होतो. एम.एस्सी. झालेला, आणि आकडा काढायला दोन तास घेणारा.

इंजिनांना तेल घालणारा होता, तो जवळच्याच वरवंड गावचा. समुद्र त्यानं कधी पाहिला नव्हता. एक थेंब टीपकागदावर सोडायचा, दुसरा बोटांत चोळायचा आणि रानातल्या मातीबद्दल बोलावं तसं म्हणायचा, "कस हाय आजून." नाहीतर, "कस गेला, सायेब." दोन तासांनी माझा आकडाही तेच सांगायचा. पुढं मॅनेजरसुद्धा मला विचारायला लागले, "कस किती आला?" आकडा माझा, शब्द त्याचा. मी जळायचो.

एकदा मॅनेजरांसमोर मी त्याच्यापुढं दोन्ही इंजिनांच्या तेलाच्या बाटल्या ठेवल्या. एकीतलं तेल जुनं, दुसरीतलं महिन्यापूर्वी बदललेलं. दिसायला दोन्ही काळीच. इंजिनांच्या नंबरांची लेबलं मी मुद्दाम उलटी, एकाची दुसऱ्याला, लावली होती.

त्यानं दोन्ही तेलं चोळली. माझ्याकडं एकदाच पाहिलं. मग लेबलं सोडवून नीट चिकटवली आणि मॅनेजरांना म्हणाला, "घाईत उलटी लागली जनू. सायबांना कामच लई आसतं."

मला कसलीही घाई नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं मला उघडं पाडलं असतं, तर निदान त्याचा राग तरी धरता आला असता.