दोघांना दोन वाकळा

लग्नाला सात वर्षं झाली होती आणि त्यात दोनदा दिवस राहून गेले होते. त्यामुळे या खेपेला तिसरा महिना सरेपर्यंत आम्ही कुणालाच काही सांगितलं नाही. जुळं असल्याचं मात्र आम्हाला लवकरच कळलं होतं. सोनोग्राफी करताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन आहेत बरं का." माझा नवरा खुर्चीवरून उठला आणि परत बसला. बाहेर आल्यावर त्याने रसवाल्याकडे चार ग्लास सांगितले. आम्ही दोघंच होतो.

आम्ही कोल्हापुरात फ्लॅटवर राहतो. तो एमआयडीसीत फौंड्रीत जातो, मी शाळेत शिकवते. सासू-सासरे कागलजवळच्या गावात असतात, थोडा ऊस आणि तीन म्हशी आहेत. सासूबाईंना मी आत्ती म्हणते, सासऱ्यांना मामा. आत्ती मोठ्याने बोलणाऱ्या, तोंडावर सांगणाऱ्या. पण सात वर्षांत त्यांनी मला मुलाबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. त्यांनी आशा सोडली असेल, अशी मी समजूत करून घेतली होती.

बातमी कशी सांगायची यावरून घरी थोडा वाद झाला. नवऱ्याला केकवर काहीतरी लिहून न्यायचं होतं. मी म्हटलं, आत्ती चष्मा लावून केक वाचत बसणार नाहीत, सरळ कापून शेजारीपाजारी वाटून टाकतील. शेवटी मी माझ्या पद्धतीने सांगायचं आणि त्याने मोबाइलवर शूटिंग करायचं, असं ठरलं.

रविवारी गेलो. जेवणं झाली, भांडी झाली आणि आत्ती बाहेर सोप्यात वाकळ घेऊन बसल्या. जुनी लुगडी एकावर एक घालून त्या वाकळा शिवतात. धावदोरा इतका सरळ, की मशीनचा वाटावा. मी शेजारी बसले.

"आत्ती, मला एक लहान वाकळ शिवून द्याल?"

"किती लहान?"

मी हातांनी माप दाखवलं. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. सुई कापडात खोचून ठेवली.

"कितवा?"

"चौथा लागलाय. एक नको, दोन द्या शिवून."

"दोन लागत्यातच की. एक वल्ली झाली की दुसरी."

"तसं नव्हं, आत्ती. दोघांना दोन."

त्यांना काही कळेना. त्या दारात मोबाइल धरून उभ्या असलेल्या लेकाकडे बघायला लागल्या. तो म्हणाला, "व्हय आई. दोन हायत." आणि मोबाइल धरलेला त्याचा हात खाली आला. ते शूटिंग अजून आहे. त्यात फरशी दिसते आणि आत्तींचा आवाज येतो, "आवं, म्हशी ऱ्हाऊ देत, हिकडं या आधी."

मामा गोठ्यातून धोतराला हात पुसत आले. आत्ती म्हणाल्या, "दोन नातवंडं."

"कुठं?" म्हणून मामा दाराबाहेर बघायला लागले.

त्यांना समजावून होईपर्यंत आत्तींनी डोळे पुसले होते. "तुझ्या आईला सांगितलंस?" त्यांनी मला विचारलं.

"आता फोन करते."

"फोन करू नको. तोंडावर सांगायचं असतंय. चला, मी बी येतो."

आत्तींनी लग्नाकार्याची इरकली नेसली. मामा धारा काढायला मागे थांबले. वाटेत मी म्हटलं, निदान येतोय एवढं तरी कळवू. आत्ती नको म्हणाल्या. आपल्याला कळलं तसंच विहिणीलाही अचानक कळू दे, असं त्यांच्या मनात होतं.

माझं माहेर नेसरीकडे. सीमेलगतचं घर, निम्मी बोली कानडी. आईला आम्ही अव्वा म्हणतो, वडिलांना अप्पा. आम्ही पोहोचलो तेव्हा अव्वा अंगणात भुईमुगाच्या शेंगा निवडत होती. गाडीतून मी उतरले तेव्हा ती हसली. माझ्यामागून आत्ती उतरल्या आणि तिचं हसू गेलं.

अप्पा टोपी नीट करत उठले. "या, बसा," म्हणाले. अव्वाने पाणी आणलं. मग तिने मला मनगटाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"काय झालं? काय म्हणत्यात त्या?"

"कुठं काय?"

"मग सांगावा न धाडता कशाला आल्यात? संगट तुला घिऊन?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मूल नाही म्हणून आत्ती मला माघारी सोडायला आल्यात असं तिला वाटलं होतं. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत आत्ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आमच्या दोघींकडे पाहिलं आणि त्या सरळ जमिनीवर, चुलीपाशी बसल्या.

"ईनबाई, तुमी कशाला भ्यालाय ते समजलं मला. चूक माझी हाय, सांगून याय पायजे हुतं. पोरीला सोडाय न्हाय आलो. इचाराय आलोय. पयलं बाळंतपण म्हायेरात असतंय, ही रीत मला म्हाईत हाय. पर दोन हायत. तुमाला एकटीला झेपायचं न्हाय आन मला बी न्हाय. तवा दोघींनी मिळून करूया का?"

अव्वा माझ्याकडे बघत राहिली. "दोन?"

मी मान हलवली. ती आत्तींच्या शेजारी बसली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. रडताना ती कानडीत बोलते. आत्तींना कानडी येत नाही. "काय म्हणत्यात?" त्यांनी विचारलं.

अप्पा बाहेरूनच म्हणाले, "चहा टाकायचा ऱ्हायला म्हणती."

खरं तर अव्वा म्हणत होती, सात वर्षं झाली, दारात गाडी थांबली की मी आधी बघते, पोरगी बॅग घेऊन उतरते का.

दिवस भरायच्या थोडं आधी मला दोन मुली झाल्या. एक जरा अशक्त होती, तिला आठवडाभर काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. मग घरी आलो ते कोल्हापूरच्या फ्लॅटवरच. दोन्ही आज्या एका खोलीत राहिल्या. अंगाला तेल कोणतं लावायचं, टाळू किती भरायची, डिंकाच्या लाडवात खोबरं किती, यावरून रोज वाजायचं. भांडण झालं की अव्वा कानडीत बोलायची आणि आत्ती "मराठीत भांडा की" म्हणायच्या. मला मात्र गरम जेवण मिळत होतं, आणि कोणती ना कोणती मुलगी कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर असायची.

एका दुपारी अव्वा झोपली होती. आत्ती धाकटीला पायावर घेऊन झुलवत होत्या. मी विचारलं, "आत्ती, एवढी वर्षं तुमी मला मुलाबद्दल कधीच कसं विचारलं नाही?"

त्या पाय हलवतच राहिल्या. "इचारलं असतं तर तुला काय तरी सांगाय लागलं असतं की," त्या म्हणाल्या.

मग थोरली उठली म्हणून मी तिला घ्यायला गेले.