ह्यांची सीडी वाजणार

नवरा गेला म्हणून गाडीतली सीडी बंद होणार नाही. परत कोणी समजवायला येऊ नका.

आज ह्यांना जाऊन महिना झाला.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. इथे मस्कतमध्ये, सीबहून गाला भागातल्या गॅरेजवाल्या पोरांचे डबे आम्ही दोघं पोचवायचो.

गाडी मी चालवायची. लायसनच्या टेस्टला ड्रमांच्या मधून रिव्हर्स घ्यायचा असतो. ह्यांनी दरवेळी ड्रम पाडला.

शेवटी म्हणाले, "खलास. तू चालव. मी डबे आणि गाणी बघतो."

गाडी एका गोऱ्याची, सेकंडहँड. प्लेअरमध्ये त्याची सीडी अडकलेली. इंग्लंडचा कुठला तरी बँड, त्यांची सगळी हिट गाणी एकात. ती निघेना, दुसरी जाईना.

मुलगी म्हणाली, "बाबा, हे अल्टरनेटिव्ह रॉक आहे. तुम्हाला नाही समजणार."

"समजायचंय कशाला? ढोल बरा बडवतात."

मग तेच ठरलं. पोरांच्या बिल्डिंगखाली आलो की हे आवाज फुल करायचे. हॉर्न नाही, हाक नाही. गिटार ऐकलं की पोरं खाली.

क्रियाकर्म उरकून गावाहून आले, डबे सुरू केले.

शेजारच्या सुलभाताई म्हणाल्या, "वर्ष होईपर्यंत गाणी नको गं. बरं दिसत नाही."

दिराचा फोन. "वहिनी, गुंडाळा आता तिथलं. एकट्या बाईला झेपायचं नाही."

दिराला नाही म्हटलं. सुलभाताईंचं ऐकलं. पहिल्या दिवशी आवाज बंद ठेवून बिल्डिंगखाली थांबले.

कोणी उतरेना. भात गार व्हायला लागला.

फोन केला तेव्हा दापोलीचा इकबाल खाली आला.

"काकी, गाणं नाही वाजलं. आम्हाला वाटलं तुम्ही डबा बंद केलात. पोरं दुसरीकडे विचारायला लागली."

दुसरीकडे.

म्हणजे सुलभाताईंचं ऐकलं की दिराच्या मनासारखं आपोआप झालं असतं. मी गेलेच असते गावाला.

तिथेच बटण फिरवलं. शेवटपर्यंत.

इकबाल कानावर हात ठेवून म्हणाला, "काका एवढा मोठा नव्हते लावत."

"मी लावते. डबा उचल."

वरच्या खिडक्या उघडल्या. पोरं उतरली. एकजण रडत होता. त्याला म्हटलं, आधी जेव.

तर भावजी, मी येत नाही. सुलभाताई, खिडकी लावून घ्या.

भावपूर्ण वगैरे मला लिहिता येत नाही.

अहो, तुमच्या सीटवर आता डबे ठेवते. राग मानू नका.

नमस्कार करते. निघते, उशीर होतोय.