काटेरी झाडाचं बी

शुक्रवारी दुपारी बायको आणि मी उंबऱ्यावर बसून काटेरी झाडाचं बी कुटत होतो. जांभळ्या फुलांचं हे झाड इथं इस्रायलमध्ये, आमच्या लोद गावात कुठंही उगवतं. तिच्या लिव्हरवर चरबी चढलीय, याच्यावर गोळी नाही, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. तेव्हापासून बाजारातल्या एका मोरोक्कोवाल्या म्हातारीकडून मी बी आणायचो आणि काढा करायचो.

"अहो, तुमच्या म्हातारीनं मला कोंबडी समजलंय काय?" बायको हसली. तेच शेवटचं हसणं. दुसऱ्या दिवशी, शनिवारचा शब्बाथ संपायच्या आत ती गेली.

म्हातारीचं नाव मी कधी विचारलं नाही. विकण्याआधी ती एक बी दाताखाली फोडून बघायची. पहिल्याच दिवशी मोडक्या हिब्रूत म्हणाली होती, "हे बी आहे, चमत्कार करणारा एलियाहू हन्नाबी नाही. डॉक्टरला सोडू नकोस." बायको कशी आहे, असं ती कधी विचारत नसे. विचारायची, "आज काय खाल्लं तिनं?"

सात दिवस मी सुतकात जमिनीवर बसलो. ते संपले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीला सांगायला म्हणून बाजारात गेलो. तिनं बी फोडलं, पुडी बांधली आणि विचारलं, "आज काय खाल्लं तिनं?"

"थोडा भात," मी म्हटलं, आणि पुडी घेतली.