भावोजी आणि शिरेतलं औषध

माझ्या भावोजींइतका भित्रा माणूस पोलादपूर तालुक्यात दुसरा नसेल, आणि इतकी चोख कारणं देऊन भिणारा तर साऱ्या रायगड जिल्ह्यात नसेल. ताईचे हे यजमान उमरठचे. वाघाला, भुताला, साहेबाला ते भीत नाहीत. एकदा घडलं की मागे घेता येत नाही, अशा प्रत्येक गोष्टीला भितात. न्हाव्याकडे अर्धं डोकं झालं की आरशाजवळ जाऊन पुढचं कापू द्यावं का याचा विचार करतात. तोवर न्हावी दुसऱ्याची दाढी उरकतो. एसटीत दाराशीच बसतात. ताईला होकार कळवायला त्यांनी इतके दिवस लावले, की आमच्या वडिलांनी दुसरीकडे बोलणी सुरू केली. तेव्हा मात्र धावत आले. "तिकडं हो म्हनलात तर परत कसं घेनार?"

गोळीवर त्यांचा जीव. महाडच्या औद्योगिक वसाहतीत त्यांनी बरीच वर्षं औषधाच्या गोळ्यांच्या पॅकिंगला काढली. म्हणायचे, "गोळी पोटात जाते. नाय मानवली तर उलटून पडते. शिरंत गेलेलं कोन काढून देनार रे?"

अशा माणसाच्या मागे लागून मी त्यांना हर्नियाच्या ऑपरेशनला महाडला आणलं. ऑपरेशननंतरच्या दुखण्याबद्दल डॉक्टर म्हणाले, "औषध तेच. पोटात टिकली तर गोळीही दुखणं तितकंच थांबवते, फक्त वेळ लागतो. शिरेतून लवकर लागू पडतं." भावोजींनी त्यातलं गोळीपुरतंच ऐकलं.

संध्याकाळी कमरेखालची भूल उतरली आणि टाके ठणकू लागले. गोळी घेतली, ती थोड्याच वेळात बाहेर आली. घामाघूम चेहऱ्याने ते म्हणाले, "बघ, परत आली का नाय?" त्यांना हसू आलं, हसण्याने कळ आली, आणि ते पोट धरून कण्हले. पाठोपाठ पुन्हा उमासे. प्रत्येक उमाशाला वाटायचं, आता टाके गेले. ताईला काय सांगू? तिच्या नवऱ्याला मीच इथे आणून झोपवलं होतं.

नर्स बाटली घेऊन आली. "काका, अशाने टाक्यांवर ताण येतो. शिरेतून देऊ द्या." भावोजींनी ऑपरेशनच्या वेळी सुई लावून ठेवलेला हात छातीशी घट्ट धरला आणि माझ्याकडे बघितलं.

"तुझ्या सांगन्यानं आलो. आता हे बी तूच सांग."

आयुष्यभर मी लोकांना न मागता सल्ले दिलेत. त्या वेळी मात्र बाटलीवरचं नाव दोनदा वाचलं. शेवटी "द्या" म्हणालो. थेंब पडू लागले. त्यांनी माझं मनगट आवळलं, डोळे मिटले. मी बाटलीकडे बघतोय, त्यांच्या छातीकडे बघतोय. आणि एकाएकी मनगटावरची पकड सुटली.

मी ओरडलोच. नर्स धावत आली, त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "झोपलेत हो. घोरतायत, ऐकू येत नाही?"

दुसऱ्या दिवशी पेज पोटात टिकली, मग गोळीही. ती घ्यायची का, हे मात्र त्यांनी नर्सला मला विचारायला लावलं.

परवा त्यांचा फोन आला. "डोळ्यात मोतीबिंदू हाय म्हनतात. करू का?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"ते म्हनू दे. तू म्हनशील तसं."

आवाजात कसलीही धास्ती नव्हती. मागे ताई कुणाशी तरी बोलत होती, तेही स्पष्ट ऐकू येत होतं. ते निवांत थांबले होते, आणि मी फोन कानाला लावून, एकदा काढलेला मोतीबिंदू परत बसवता येतो का, याचा विचार करत होतो.