माय दिसली तो फोन

तुमच्या या पानावर लोक लिहितात — कोणाले चिंचेखाली बाई दिसली, कोणाच्या मागं रस्त्यानं कोणी आलं. मी ते वाचून हसणारा माणूस आहे. चौथी शिकलो, पण अंगात येणाऱ्या बाईले भर गावात विचारलं होतं, देवी आली असन तर माह्या विहिरीले पाणी कुठं लागते ते सांग. जन्मभर वावरात एकट्यानं जागल केली. काही दिसलं नाही. आजही मले काही दिसलेलं नाही, हे आधीच सांगतो. दिसलं ते माह्या पोराले... अन् माह्याच घरातून दिसलं.

आमचं गाव मोताळ्याजवळ. बीटी कपाशी आली तेव्हा पहिली काही वर्षं घरात कापूस ठेवाले जागा नव्हती. मग त्याच बोंडात गुलाबी अळी निघाली. वरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत सडलेलं. गजू माहा एकुलता एक पोरगा. त्यानं एक दिवस फवारणीचा पंप खाली ठेवला अन् म्हणाला, "बाबा, हे आपल्याच्यानं होत नाही." मस्कतले गेला, गोदामात कामाले. मले पटलं नाही. दर फोनवर मी एकच म्हणत असे — परत ये, वावर पाहा.

मग त्याच्या मायले लकवा मारला. एक बाजू गेली, वाचा गेली. गजूले सांगतलं तर तो म्हणे, "मले बोलवाले हे नवीन काढलं का बाबा?" फोन तिच्या तोंडाशी धरला, नुसती घरघर. म्हणे लाइन खराब आहे. फोटो पाठवला, तर म्हणे झोपली आहे, झोपेत सगळे असेच दिसतात. भावकीतल्या लोकांनी सांगतलं, तर म्हणे बाबानं शिकवलं. शेवटी म्हणाला, "फोटो-शूटिंग काही नको, एक डाव माय समोर दाखवा. खरं असन तर सुटी टाकून येतो."

तिकडं मोबाईलवर चेहरा दिसणारे फोन लागत नाहीत म्हणे, कॉम्प्युटरवर लागतात. गजूचा जुना कॉम्प्युटर घरात होता. मोताळ्याच्या सलीमचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, त्यानं येऊन तो चालू केला, वर लिंबाएवढा वायरचा कॅमेरा बसवला. फोन लागला. गजू दिसला! दाढी वाढलेली, गाल बसलेले.

"बाबा, आवाज येते. पण काळं दिसून राह्यलं."

"अबे, मी जन्माचाच काळा."

"तसं नाही. काहीच दिसत नाही. सगळं काळं."

आम्हाले तो दिसे, त्याले आम्ही नाही. सलीम पुन्हा आला तेव्हा कॅमेऱ्यावर हळद-कुंकू. पुतण्याची बायको कमल माह्या म्हातारीचं, गजूच्या मायचं करते, तिनं दसऱ्याची पूजा केली होती.

सलीम म्हणे, "काकाजी, याचा डोळाच बुजवला ना तुमी!"

"ते काल लावलं. आंधळं तं ते पह्यलेपासून आहे."

त्यानं पुसलं. बंद करून चालू केलं. वायर मागच्या खाचेत घातली, नवीन वायर आणली, प्रोग्राम काढून परत टाकला. कॅमेऱ्याले परवानगी दिली का तेही पाह्यलं. काळंच. अन् तोच कॅमेरा त्याच्या दुकानात साफ चाले! मग त्यानं दुकानातला कॉम्प्युटर उचलून आमच्या घरी आणला. तरी काळंच. म्हातारीले हलवू नका म्हणून डॉक्टरनं बजावलं होतं, तिले दुकानात कसं नेणार? "काकाजी, मी हरलो," सलीम म्हणाला. आपला कॉम्प्युटर घेऊन गेला, अन् आमचा कॅमेराही काढून पिशवीत टाकला, बुलडाण्याच्या कारागिराले दाखवाले.

रविवारी दुपारी कॉम्प्युटरची घंटी वाजली. कॅमेरा नव्हताच, पण आवाज तरी जाईन म्हणून मी बटन दाबलं. गजू एकदम उभा राह्यला.

"बाबा! दिसलं! माय दिसली!"

"कुठं दिसली?"

"वावरात. हिरवं लुगडं. सीतादही करून राह्यली."

कापसाची पहिली वेचणी असली की आमच्याकडं बाया कपाशीच्या झाडाखाली दहीभात ठेवून पूजा करतात, ते सीतादही. मी मागं पाह्यलं. म्हातारी बाजेवर. कमल चमच्यानं पेज पाजत होती, अर्धी उशीवर सांडत होती.

"गजू, तुही माय अठी बाजेवर आहे."

"चालून राह्यली बाबा! ओटीत कापूस टाकून राह्यली. केवढा फुटला औंदा..."

"अबे, औंदा कपाशी लावलीच नाही!"

कमल ओरडली, "भाऊजी, मोठीमाय अठी आहे, माह्यासमोर!"

तो रडत रडत हसला. "आता वहिनीलेही शिकवलं का? मी डोळ्यानं पाहून राह्यलो. तिनं वळून पाह्यलं माह्याकडं. बरी आहे ती. बस... मले एवढंच पाह्याचं होतं."

फोन बंद. मी घडीघडी लावला, लागला नाही. त्यानं सुटी टाकून ठेवली होती अन् त्या दिवशी ती मागं घेतली, हे मले नंतर समजलं.

दुसरा रविवार यायच्या आत म्हातारी गेली.

गजू दहाव्याले आला. मले सोडून सलीमले विचारलं, त्या दिवशी कॅमेऱ्यात काय लावलं होतं. सलीमनं अल्लाची शपथ घेऊन सांगतलं, "भाऊ, कॅमेरा माह्या पिशवीत होता." गजू उठून वावरात गेला. सोयाबीन निघून तिथं हरभरा पेरलेला. कपाशीचं एक झाड नाही. परत आला, ओट्यावर बसला.

"मग मले काऊन दाखवलं? बरी आहे असं काऊन दाखवलं?"

सलीम म्हणते, जुनं शूटिंग अडकलं असन. तिचं शूटिंग कोणी कधी केलंच नाही. गावातले म्हणतात, मायनं जाता जाता पोराले आपलं चांगलं रूप दाखवलं. मी म्हणतो, दारात पाऊल वाजलं की तिचा चांगला डोळा तिकडं वळे. पोराची वाट पाहणारी बाई पोराले अडवन का? मी कोणापुढं मान खाली घातली नाही कधी, पण हे तुमच्या पानावर विचारतो. तुमच्यापैकी कोणाले माहीत असन तर सांगा.

आता सलीमनं तोच कॅमेरा परत आणून लावला आहे. दोन्हीकडून साफ दिसते. गजू फोन करते, जेवले का, गोळी घेतली का विचारते. पण माह्याकडं पाहत नाही. माह्या खांद्यामागं, बाजेकडं पाहत राहते. खुर्ची थोडी बाजूले सरकवून बसतो.