त्रिगुणीचा ताप आणि रातपाळी

“बाळ गावाला गेलंय,” सुनंदा म्हणाली, आणि तेवढ्यात गावाला गेलेलं बाळ आतून रडलं.

मी दारात उभी. खांद्याला लसीचा डबा, डब्यात बर्फ, बर्फात बाटल्या. सुनंदाने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. दोघींनाही हसू आवरत नव्हतं, पण तिने दार लावलंच.

शेजारच्या दारात रुकसाना भाभी होती. मी काही विचारायच्या आत तिने सांगून टाकलं, “हमारा भी मुलुक गया है, सिस्टर.” तिचं ‘मुलुक गेलेलं’ लेकरू तिच्या कडेवर बसून माझ्या डब्याचा पट्टा ओढत होतं.

त्या ओळीतलं प्रत्येक बाळ गावाला गेलं होतं. सुनंदाचं माहेर अकलोलीचं, तिच्या दोघीतिघी शेजारणींचंही तिकडचंच. त्या सांगत होत्या ते सगळं खरं धरलं असतं, तर त्या बुधवारी अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर बाळांची रांग लागली असती.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटची. मी भिवंडीत एका सरकारी दवाखान्यात नर्स होते. लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यांना लागून असलेल्या चाळी माझ्या वाट्याला होत्या. काम सोपं वाटेल असं: दर बुधवारी चाळीत जायचं आणि बाळांना त्रिगुणी द्यायची. त्रिगुणी म्हणजे एका सुईत तीन रोगांवरची लस. घटसर्प, धनुर्वात आणि डांग्या खोकला. एकदा देऊन भागत नाही. महिन्या-महिन्याच्या अंतराने तीन डोस द्यावे लागतात.

पहिल्या डोसला आया रांगा लावून आल्या होत्या. दुसऱ्याला सगळ्यांची बाळं गावाला. आमच्या भाषेत याला ड्रॉपआउट म्हणतात. शाळा सोडलेल्या मुलालाही हाच शब्द. फरक इतकाच, की इथे शाळा सोडणाऱ्याला अजून दातही आलेले नसतात.

आमचे मेडिकल ऑफिसर, त्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत, त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“सिस्टर, ड्रॉपआउट का वाढलं?”

“अफवा असेल, साहेब. सुई टोचली की मूल पुढे बाप होत नाही, असली काहीतरी.”

“मग हेल्थ एज्युकेशन करा.”

हेल्थ एज्युकेशन म्हणजे लोकांना समजावून सांगणं. साहेबांनी हे माझ्यासारखीला सांगायला नको होतं. माझं माहेर वडप्याचं. मी अंगणातून भावाला हाक मारली की हायवेवरचा ट्रक ड्रायव्हर मागे वळून बघायचा. नाटकाची हौस लहानपणापासून. मला स्टेज मिळालं नाही म्हणून मी नर्स झाले, असं आमचे हे अजून म्हणतात.

पुढच्या बुधवारी सकाळी अकराला नळाजवळच्या ओट्यावर उभी राहून मी डांग्या खोकल्याचं नाटक केलं. एकटीनेच. आधी बाळ झाले, मग आई झाले, मग खुद्द खोकला झाले. डांग्या खोकल्यात मूल खोकत सुटतं, श्वास घ्यायला सवड मिळत नाही, तोंड निळं पडतं, आणि शेवटी श्वास आत ओढताना घशातून कोंबड्यासारखा लांब आवाज निघतो. तो आवाज मी असा काही काढला की चाळीतल्या खऱ्या कोंबड्याने उत्तर दिलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. लस घ्यायला एकही आली नाही.

उलट रुकसाना भाभी जवळ येऊन हळूच म्हणाली, “सिस्टर, ड्रामा बहुत अच्छा है. लेकिन थोड़ा धीरे.”

मला वाटलं, भाभीला नाटकातलं काय कळतंय.

मग खेळ खरा झाला. चाळीच्या मागच्या ओळीत एका बाळाला डांग्या खोकला लागला. मी तपासायला गेले, तर लांबूनच तो श्वास ओढल्याचा आवाज आला. मी ओट्यावर काढला होता तोच. या वेळी कोणी हसत नव्हतं. बाळाला दवाखान्यात नेलं. हा खोकला एकाकडून दुसऱ्याकडे झपाट्याने जातो, आणि वर्षाच्या आतल्या बाळाचा त्यात जीव जाऊ शकतो. सुनंदाची वैशाली जेमतेम चार महिन्यांची होती, आणि तिची खोली त्या ओळीच्या पाठीला पाठ लावून होती.

मी तशीच सुनंदाकडे गेले. दुपारची वेळ. दार लोटलेलं होतं. मी ढकललं आणि हाक मारायला तोंड उघडलं, तर सुनंदाने झेप घेऊन माझ्या तोंडावर हात ठेवला. सरकारी कर्मचाऱ्याच्या तोंडावर! ड्युटीवर असताना!

आत तिचा नवरा दत्तू झोपला होता. त्याच्या शेजारी आणखी दोघे रातपाळीवाले. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. वैशालीला मांडीवर घेऊन सुनंदा दिवसभर चुलीपाशी अंग चोरून बसायची. वैशालीला घेऊन आम्ही दोघी बाहेर पायरीवर आलो, आणि मी पहिल्यांदाच त्या चाळीकडे गप्प बसून बघितलं.

पलीकडे कारखान्यात लूमची खटखट चालू होती, कान किटतील इतकी. चाळीत मात्र सगळं हळू चाललेलं. बायका भांडी घासत होत्या, पण ताटावर ताट आपटत नव्हत्या. मुलं चिंध्यांच्या चेंडूने खेळत होती. रुकसाना भाभीने कुकरची शिट्टी चिमट्याने उचलून धरली होती. लूमच्या आवाजाने कोणाची झोप मोडत नाही, त्याची सवय असते. माणसाच्या आवाजाने मोडते.

पॉवरलूमवर तेव्हा बारा-बारा तासांच्या पाळ्या. दत्तू रातपाळीला, त्याचा भाऊ दिवसपाळीला. एक उठला की दुसरा त्याच वळकटीवर आडवा. दिवसा ही अख्खी चाळ म्हणजे रातपाळीवाल्यांची झोपायची खोली होती. आणि मी तिथे दर बुधवारी अकराला येऊन कोंबडा झाले होते.

“तुला लसीची भीती वाटते का गं?” मी कुजबुजले. मला कुजबुजणं फार जड जातं.

“लशीची न्हाय वो, शिस्टर. तापाची.”

“ताप एक दिवस येतो. मी सांगितलं होतं ना?”

“सांगितलावता. पन पोरगी रातभर रडली, दुसऱ्या दिशीपन रडली. हे नाईट करून आल्ते. डोल्याला डोला लागला न्हाय. तसेच परत गेले लूमवर.” तिने आत बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला. “डुलकी लागली. धोटा उडाला.”

धोटा म्हणजे शटल. लाकडाचा, टोकाला धातू, लूमवर या टोकाकडून त्या टोकाकडे बंदुकीच्या गोळीसारखा पळतो. कधी वाट सोडून बाहेर उडतो. समोर माणूस जागा असेल तर मान तरी वळवतो.

“कुठे लागला?”

तिने स्वतःच्या भुवईवर बोट ठेवलं. “हितं. जरा खाली असता तर डोला गेला असता.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुमी बोलाल डॉक्टरला, डॉक्टर बोलेल शेठला. लूमवर झोपला असं कललं तर लूम दुसऱ्याला देतील. म्हनून आमी म्हनतो, गावाला गेली.” मग तिने वैशालीला छातीशी धरलं आणि मला सरळ विचारलं, “आता तुमीच सांगा. पोरीला जपू का पोरीच्या बापाला?”

मागच्या ओळीत काय झालंय ते मी तिला सांगितलं. ते तिला माहीत होतं. पातळ भिंतीतून तिला सगळं ऐकू आलं होतं.

रुकसाना भाभी कुकर उतरवून आमच्यात येऊन बसली होती. ती म्हणाली, “जुम्मे को लूम बंद रहता है. जुम्मे को दे दो.”

भिवंडीत शुक्रवारी लूमची वीज बंद. तोच आठवड्याचा सुट्टीचा दिवस.

“शुक्रवारी सकाळी दिली तर ताप शुक्रवारी रात्री,” मी म्हटलं. “शनिवारी सकाळी दिवसपाळीवाले पुन्हा कामावर. त्यांची झोप गेली.”

“मंग गुरवारी?” सुनंदा म्हणाली.

“सकाळी नको,” भाभी म्हणाली. “गुरुवार की रात को तो लूम चालू है. नाईटवाला दिन में सोएगा कैसे?”

“संध्याकाळी,” मी म्हटलं. “नाईटवाले उठल्यावर.”

आम्ही तिघींनी बोटांवर हिशोब मांडला. गुरुवारी संध्याकाळी सुई. रात्री ताप चढेल, तेव्हा नाईटवाला कामावर. दिवसपाळीवाला घरी, त्याची झोप मोडेल, पण शुक्रवारी त्याला सुट्टी. नाईटवाला शुक्रवारी सकाळी परत येईल, पण त्या रात्री त्यालाही सुट्टी. शुक्रवारभर बाळाला हवं तेवढं रडू दे. रात्रीपर्यंत बहुतेक बाळं शांत होतात. शनिवारी सगळ्यांची झोप झालेली, लूमवर सगळे जागे.

आता राहिले मोठे डॉक्टर.

“बुधवार म्हणजे बुधवार,” ते म्हणाले. “वरून ठरलेला दिवस आहे. आणि संध्याकाळी तुमची ड्युटी कुठे असते?”

“साहेब, एकदा बाटली उघडली की उरलेली लस दिवसाअखेर ओतून द्यावी लागते. दर बुधवारी एखाद्या बाळासाठी मी बाटली उघडते आणि बाकीची मोरीत जाते. आपल्या मोरीला आता जन्मात डांग्या खोकला होणार नाही.”

ते हसले नाहीत. “आणि रिपोर्टमध्ये वार काय लिहिणार?”

“गुरुवार.”

“मला कोणी विचारलं तर?”

“तेच सांगा.”

त्यांनी चष्मा काढला. “मागच्या ओळीतलं बाळ कसं आहे?”

“खोकतंय, साहेब. अजून दूध टिकत नाही.”

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. मग म्हणाले, “या गुरुवारी करा. पुढचं पुढे बघू.” दत्तूच्या डुलकीबद्दल मी त्यांना काही सांगितलं नाही. साहेबांनाही काही गोष्टी माहीत नसलेल्या बऱ्या असतात.

गुरुवारी संध्याकाळी नळाजवळच्या ओट्यावर मी मांडामांड केली. काचेच्या सिरिंज तेव्हा उकळून वापरायचो. त्या झाकून ठेवल्या. नाटक नाही, हाक नाही. रुकसाना भाभी आधी आली. मग एकामागून एक गावाला गेलेली बाळं परतायला लागली. सुनंदा मात्र दारात उभी राहून नुसती बघत होती.

दत्तू उठला. तोंड धुऊन, वैशालीला खांद्यावर घेऊन तो स्वतःच माझ्यासमोर आला. भुवईवरची खूण अजून लालसर होती.

“बाई, ताप येनार?”

“येईल बहुतेक. येणार नाही असं सांगून मी तुला फसवणार नाही. ओल्या फडक्याने अंग पुसायचं, हे तापाचं औषध द्यायचं. जास्तच चढला किंवा झटका आला, तर थेट दवाखान्यात आणायचं.”

“आनि न्हाय दिली तर?”

मी सिरिंज भरत होते. तेवढ्यात मागच्या ओळीतून खोकल्याची उबळ ऐकू आली. दवाखान्यातून परत आणलेलं तेच बाळ. खोकत गेलं, खोकत गेलं, आणि मग तो लांब ओढलेला श्वास. दत्तूने मान तिकडे वळवून शेवटपर्यंत ऐकलं. सुनंदाकडे बघितलं. ती हलली नाही, पण दारातून एक पायरी खाली आली.

“द्या,” तो म्हणाला. पोरीची मांडी त्याने स्वतः धरली.

शुक्रवारी मी मुद्दाम फेरी मारली. एरवी लस दिल्यावर दुसऱ्या दिवशी कधी जात नसे. काय तो सोहळा! लूम बंद, आणि चाळीत बाळांचा एकच कल्लोळ. एक थांबलं की दुसरं सुरू. पुरुषमंडळी बाहेर पत्ते खेळत बसलेली. कोणी वैतागून ओरडलं, तर दुसरा म्हणाला, “रोने दे ना यार, आज छुट्टी है.” दत्तू वैशालीला खांद्यावर टाकून गल्लीत येरझारा घालत होता. तिच्या कपाळावर ओलं फडकं, आणि याच्या डोळ्यांत झोप मावत नव्हती.

“जा, झोप जरा,” मी म्हटलं.

“आज कशाला घाई?” तो म्हणाला.

वैशालीचा ताप रात्री उतरला. शनिवारी दत्तू कामावर गेला आणि धडधाकट परत आला. मागच्या ओळीतलं बाळ वाचलं, पण कित्येक आठवडे काडीसारखं राहिलं. खोकला आणखी दोन-तीन घरांत फिरला. वैशालीही खोकली, पण साध्या सर्दीसारखी, आणि बरी झाली. लसीमुळे की नशिबाने, एका बाळावरून मी छातीठोकपणे सांगणार नाही. दोन डोसांनी पूर्ण संरक्षण मिळत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा ते पुष्कळ असतं. एका घराने शेवटपर्यंत लस घेतली नाही. त्यांचं कारण मला कधी कळलं नाही.

तिसऱ्या डोसाला चाळीतूनच निरोप आला, गुरुवारीच या. पुढे वरून एक अधिकारी आले आणि त्यांनी विचारलं, हा गुरुवार कुठून आला? मोठे डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, “स्थानिक परिस्थितीचा अभ्यास करून आम्ही तो ठरवला.” मी मागे उभी होते. मी खोकले सुद्धा नाही.

नव्या मुलींना शिकवताना मी त्यांना लसीचं सगळं सांगते, आणि शेवटी एवढंच. सुई टोचते एका बाळाला, पण त्या तापात सगळं घर जागतं. ते जागरण त्या घराला कोणत्या वारी परवडेल, हे आपण ठरवू नये. त्यांना विचारावं. हळू आवाजात.