संडासापुढची रांगोळी

अत्यंत गंभीरपणे आणि संपूर्ण जबाबदारीने मी जाहीर करतो की, माझ्या आतेभावाइतक्या आदराने संडासाकडे पाहणारा माणूस निदान घाटकोपरात तरी झाला नाही. लोक नव्या गावी गेले की देऊळ बघतात, हा आधी मोऱ्या बघायचा. पन्नासच्या दशकात एका परदेशी संस्थेने पाण्याची टंचाई आणि मैल्याची व्यवस्था अभ्यासण्यासाठी जगातल्या निरनिराळ्या शहरांतून काही तरुण निवडले, त्यांत हा निघाला. फेलोशिप मिळाली म्हणून आम्ही पेढे वाटले. विषय कळल्यावर आत्याने उरलेले पेढे झाकून ठेवले.

आमच्या चाळीत पहाटे अंधारात नळ यायचा आणि उजाडेपर्यंत जायचा. तळमजल्यावरच्या मालवणी काकू नळ आला की हाक मारून याला उठवायच्या. तेवढ्यात हा रांगेच्या टोकाला उभा राहून, कुणाच्या घरी किती कळश्या गेल्या ते बघायचा. रविवारी गटारीच्या कडेकडेने मान खाली घालून थेट विक्रोळीच्या खाजणापर्यंत चालत जायचा. एकदा वाटेतल्या चारपाच भल्या माणसांना वाटलं, बिचाऱ्याचं काहीतरी पडलंय. तीही वाकून शोधू लागली.

"अंगठी काय हो?" एकाने विचारलं.

"नाही, ही पुढे कुठे जाते ते बघतोय," हा म्हणाला. माणसं हळूच पांगली.

मुलुंडला मुलगी बघायला गेलो तेव्हा त्याने पोह्यांची बशी हातात घेऊन मुलीच्या वडिलांना शांतपणे विचारलं, "आपल्या मजल्यावर किती बिऱ्हाडांत एक संडास?" उत्तर मुलीने दिलं, तेही अगदी मन लावून. लग्न अर्थातच जमलं नाही, पण परतताना स्वारी खूश होती. "माहिती पक्की दिली रे तिने," म्हणाला.

वर्षअखेरीला संस्थेचे एक वयस्कर गोरे प्राध्यापक त्याच्या कामाची पाहणी करायला यायचे होते. टंचाई त्यांना पटली तर पुढचा अभ्यास परदेशात. नाही पटली तर फेलोशिप बंद, आणि हा पुन्हा कचेरीत कारकून. काळजीने तो झोपेतसुद्धा इंग्रजी बोलू लागला.

चाळीला बातमी लागली आणि चाळीने तिचा स्वतःच्या पद्धतीने अर्थ लावला. आपल्या मुलाचा साहेब घरी येणार, मग घर कसं दिसायला हवं? मालवणी काकूंनी सूत्रं हातात घेतली. आदल्या दिवशी संडास घासून त्यांना कुलपं लागली. पुरुषांना टमरेलं देऊन खाडीकडे पिटाळण्यात आलं. बायकांनी पलीकडच्या वाडीतल्या विहिरीवरून हंडे वाहिले. साहेब आले तेव्हा घरोघरी पिंपं काठोकाठ भरलेली होती, आणि संडासाच्या दारापुढे रांगोळी, वर हळदकुंकू.

आतेभाऊ पांढराफटक पडला. "वाट लागली," तो माझ्या कानाशी म्हणाला.

"मग सांग ना त्यांना, एरवी असं नसतं म्हणून."

"कसं सांगू? बघ ना त्या कशा उभ्या आहेत."

ठेवणीतली लुगडी नेसून बायका ओळीने उभ्या होत्या. पाण्याचा काही त्रास आहे का, असं साहेबांनी विचारलं. याने त्याचं मराठी केलं. "छे, काही कमी नाही," सगळ्या एका सुरात म्हणाल्या. स्वतःच्या मुळावर येणारं ते उत्तर याने एक अक्षर न बदलता साहेबांना सांगितलं. साहेबांनी पेन खिशात ठेवलं.

मग काकूंनी आंबोळ्या वाढायच्या आधी त्यांना हात धुवायला मोरीवर नेलं. तिथे साहेब खुलले. हात झाले, तोंडाला साबण लागला, मान झाली. तांब्यामागून तांब्या ओतणं सुरू झालं. प्रत्येक तांब्याला काकूंचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्यांना राहवेना.

"अरे, थांबय तेका. पोरांच्या आंघोळीचा पाणी आसा ता."

"काय म्हणतात त्या?" साहेबांनी साबणाच्या तोंडाने विचारलं. आतेभावाने आधी काकूंकडे वळून बघितलं.

"सांग रे," काकू म्हणाल्या. "आता लपवून काय करतलंस?"

मग सगळ्याच बायका एकदम बोलू लागल्या. विहीर, हंडे, कुलपं, खाडीकडे गेलेले नवरे. भाषांतर करता करता याला धाप लागली. साहेबांनी तांब्या खाली ठेवला, तोंडावरचा साबण रुमालाने कोरडाच पुसला आणि पुन्हा पेन काढलं. जाताना रांगोळी मोडू नये म्हणून त्यांनी चांगला लांबून वळसा घेतला.

आतेभाऊ परदेशी जायला निघाला तेव्हा फाटकाशी सगळी चाळ जमली होती. आत्या डोळे पुसत होती, मी ट्रंक उगाच इकडची तिकडे करत होतो. तो कायमचा तिकडेच राहील, पत्रंसुद्धा विरळ होत जातील, हे तेव्हा आमच्या कुणाच्या मनात नव्हतं. काकूंच्या असावं. तो पाया पडायला वाकला, तेव्हा त्यांनी बराच वेळ त्याच्या पाठीवरचा हात काढला नाही, आणि मग सगळ्यांच्या देखत मोठ्यांदा म्हणाल्या, "थंय नळाक दिसभर पाणी आसता म्हणतत. मगे सकाळी तुका उठयतलो कोण रे?"